आमच्या वेळी असलं नव्हतं

संक्रांतीनंतरच्या एका संध्याकाळी लोकमान्य नगरातल्या एका घरी हळदीकुंकवाला गेले होते. आमच्या इंदूरच्या हळदीकुंकवाला तिळगुळाबरोबर गराडू, म्हणजे कंदाचे तळलेले तुकडे, असतात. महाराष्ट्रातून लग्न होऊन आलेल्या सुनांना पहिल्या वर्षी ते चमत्कारिक वाटतं आणि दुसऱ्या वर्षी त्याच कढईपाशी उभ्या असतात. त्या दिवशीही आतून तळणीचा वास येत होता, बाहेर अत्तर आणि नॅप्थलीनच्या गोळ्या, कारण सगळ्यांनी काळ्या साड्या त्याच दिवशी ट्रंकेतून काढलेल्या. गप्पा शाळेच्या व्हॅनवरून वर्तमानपत्रातल्या एका बातमीवर गेल्या. बातमी कसली ते सांगायला नको. कुणीतरी उसासा टाकून म्हणालं, "काय दिवस आलेत बाई, आमच्या वेळी असलं काही नव्हतं." कोपऱ्यातल्या खुर्चीत एक काकू बसल्या होत्या, पंचाहत्तरीच्या पुढच्या. गराडूचा तुकडा टूथपिकने टोचत त्या म्हणाल्या, "होतं की. माझ्या मामांच्या घरी होतं. मी नऊ वर्षांची होते." आणि मग यजमानांच्या सुनेकडे बशी पुढे करून, "जिरावण टाक गं थोडं. अळणी लागून राहिलंय."

सुनेने जिरावण टाकलं, म्हणजे आमचा इंदुरी मसाला. जरा जास्तच पडलं. एक जण "अगंबाई" म्हणाली, दुसरी हलक्या आवाजात "इतक्या वर्षांनी कशाला उगाळायचं ते" म्हणाली, आणि यजमानीणबाईंनी टाळी वाजवून "चला, कुणीतरी नाव घ्या पाहू" असं फर्मान काढलं. लगेच एकीने चांदीच्या वाटीत काहीतरी घालून नवऱ्याचं नाव घेतलं, सगळ्या हसल्या, आणि वाणाचे स्टीलचे डबे वाटले गेले. काकूंनी बशी चाटूनपुसून संपवली. त्यांचा हात थरथरत नव्हता. मी मुद्दाम बघत होते.

तेच डोक्यात राहिलं. त्यांनी सांगितलं याचा धक्का मला फारसा बसला नाही. माझ्या वयाच्या बाईला तो बसू नये इतकं आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं, गर्दीच्या बसमध्ये, लग्नघरात गच्चीवर ओळीने झोपताना शिकलेलं असतं. खटकत राहिलं ते जिरावण. त्या रडल्या असत्या तर खोलीतल्या आम्हा सगळ्यांना सोपं गेलं असतं. एकीने पाणी आणलं असतं, एकीने पाठीवरून हात फिरवला असता, आणि दुःखाचा एक ओळखीचा कार्यक्रम पार पडला असता. त्यांनी आम्हाला काहीच काम दिलं नाही.

1974 मध्ये बोस्टनच्या एका मोठ्या इस्पितळात ॲन बर्जेस नावाची परिचारिका आणि लिंडा होल्मस्ट्रॉम ही समाजशास्त्रज्ञ यांनी बलात्कारानंतर तातडीच्या विभागात येणाऱ्या बायकांशी बोलून जे टिपलं ते प्रसिद्ध झालं. काही जणी रडत, थरथरत, अस्वस्थ होऊन येत होत्या. आणि जवळजवळ तितक्याच जणी शांत होत्या. नीट बसलेल्या, विचारलं तेवढं सांगणाऱ्या, चेहऱ्यावर काही नसलेल्या. आघात दोन्हींकडे तेवढाच. पण विश्वास कुणावर बसतो? आपल्याकडे मथुरा नावाच्या मुलीवरच्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं, त्यात एक मुद्दा असा होता की मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केल्याचं दिसत नाही. चंद्रपूरकडची ती आदिवासी मुलगी, आणि प्रसंग पोलिस ठाण्यातला, रात्रीचा. 1979 मध्ये चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. हळदीकुंकवाच्या दिवाणखान्यातला मात्र अजून बदलायचा आहे. तिथे आजही जखम दाखवावी लागते.

बायका पूर्वी बोलत नसत असं म्हणायची आता पद्धत पडली आहे. ते मला पटत नाही. मल्हारगंजातल्या आमच्या वाड्यात माझी आजी पहाटे जात्यावर बसायची. गिरणी कोपऱ्यावर होती, पण सणावाराचं पीठ घरचंच हवं हा तिचा हट्ट. तिच्या ओव्यांत तिच्या सासूचा जो उद्धार असायचा तो तिने दिवसाउजेडी तोंडातून काढला असता तर माहेरी पाठवणी झाली असती. सासू पलीकडच्याच खोलीत, जागी, सगळं ऐकत. पण ओवीतली सासू ही कुणाचीच नसते आणि सगळ्यांची असते, म्हणून चालून जायचं. हेमा राईरकर आणि गी पोइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बायका बोलत नव्हत्या म्हणणाऱ्याने त्यातल्या शंभर ऐकाव्यात. भोंडल्याची गाणी घ्या. माहेरी जायची परवानगी मागत सून सासऱ्याकडून सासूकडे, सासूकडून दिराकडे फिरत राहते, आणि आम्ही फ्रॉकमधल्या मुली पाटावरच्या हत्तीभोवती ते हसत हसत म्हणायचो, सगळं लक्ष खिरापतीकडे. शेजारच्या माळवी मुली पितृपक्षात भिंतीवर शेणाची संजा मांडायच्या, तिच्या गाण्यांतही सासर होतंच. नवऱ्याच्या लाथेपासून पोटच्या पोरीच्या मरणापर्यंत सगळं गाण्यात मावत होतं. फक्त मामांच्या घरी काय झालं याची ओवी मी कधी ऐकली नाही. सासूला गाण्यात घेता येतं. मामाला नाही. मामा तर चांदोबाचं रूप, त्याचं घर चिरेबंदी.

जात्याचा एक गुण मात्र मान्य करायला हवा. ते ऐकून घेतं आणि "इतक्या वर्षांनी कशाला" असं म्हणत नाही.

राजवाड्यासमोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे. मी लहानपणापासून त्याच्या बाजूने जाते, आणि आमच्या गावात त्यांचं नाव विमानतळापासून शाळांपर्यंत सगळीकडे आहे. कुंभेरीच्या वेढ्यात 1754 मध्ये नवरा गेला, सती जायला निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी थांबवलं, पुढे सासरा गेला, मुलगा गेला, आणि मग त्यांनी राज्य केलं. हे सगळं पाठ असतं आम्हाला. त्यांच्या मुलीचं, मुक्ताबाईंचं, मात्र भरभर उरकतात. 1791 मध्ये जावई गेला आणि एकुलती एक मुलगी सती जायला निघाली. आईने पाया पडून विनवलं, ती ऐकेना. पुढचं जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने लिहून ठेवलं आहे, त्या दिवसांच्या आठवणी असलेली माणसं हयात असताना विचारून. अहिल्याबाई चितेपाशी गेल्या, दोघांनी त्यांचे हात धरून ठेवले होते, ज्वाळा उठल्या तेव्हा त्यांचा धीर सुटला आणि त्या स्वतःचे हात चावू लागल्या. नर्मदेत स्नान करून वाड्यात परतल्यावर तीन दिवस अन्न जवळजवळ घेतलं नाही, आणि एक शब्द बोलल्या नाहीत. त्यानंतर मुलगी-जावयाच्या आठवणीसाठी महेश्वरला वास्तू उभारण्याच्या कामात त्यांना थोडा विसावा मिळाला.

मला पुतळ्यातल्या शांत चेहऱ्यापेक्षा हे तीन दिवस जास्त खरे वाटतात. कुणी त्यांना "बोला, मोकळं वाटेल" म्हणालं असतं का? म्हणालं असलं तरी उपयोग झाला नसता. दगड आणवणं, गवंड्यांशी बोलणं, माप घेणं, रोज जाऊन काम किती वर आलं ते बघणं, असं काहीतरी त्यांना धरायला मिळालं असावं, हा माझा अंदाज. ज्या बाईला स्वतःला सती जाण्यापासून परत फिरवलेलं होतं, तिला त्या आगीत काय काय दिसलं असेल, याबद्दल एकही वाक्य कुठे नाही. देवी म्हणून हात जोडले की ते विचारायचं राहून जातं.

आणि जी बोलली तिचं काय झालं, तेही याच गावात घडलं. शाहबानो बेगम आमच्या इंदूरच्या. चाळीसहून जास्त वर्षांच्या संसारानंतर वकील नवऱ्याने घराबाहेर काढलं, आणि 1978 मध्ये साठी ओलांडलेली ती बाई पोटगी मागायला इंदूरच्या कोर्टात गेली. दरमहा 25 रुपये मंजूर झाले. उच्च न्यायालयाने ते 179 रुपये 20 पैसे केले. एप्रिल 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला, देशभर गदारोळ उठला, आणि त्याच वर्षी तिने जाहीर पत्र काढून हा निकाल मला नको म्हणून सांगितलं. काय काय झालं असेल त्या मधल्या महिन्यांत, दारावर किती थापा पडल्या असतील! आमच्या वाड्यात तेव्हा चर्चा चालायची, "त्यांच्यात बाई असंच." अशी चर्चा चालू असताना मागच्या खोलीतल्या बिऱ्हाडातून कधीकधी भांडी आपटल्याचा आणि मग दुसराच आवाज यायचा, आणि कुणीतरी उठून रेडिओ मोठा करायचं. विविध भारती. आमच्यात असंच.

सांगणं ही बाईच्या हातातली गोष्ट, पण सांगितल्यानंतरचं सगळं दुसऱ्यांच्या हातात. राजस्थानातल्या भटेरीच्या भंवरीदेवी 1992 मध्ये आपल्यावरच्या बलात्काराबद्दल स्वतःचं नाव, गाव, चेहरा न लपवता बोलल्या. खालच्या कोर्टाने 1995 मध्ये आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. त्यांच्या प्रकरणावरून 1997 मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली, 2013 मध्ये कायदा झाला, आज प्रत्येक ऑफिसात त्याचा बोर्ड लागतो. त्यांच्या बोलण्यातून लाखो बायकांना काहीतरी मिळालं. त्यांना स्वतःला किती मिळालं हे विचारायला नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 2019 ते 21 च्या फेरीत, हिंसा सोसलेल्या बायकांपैकी चारातल्या तिघींनी ना कुणाची मदत मागितली होती, ना कुणाला सांगितलं होतं. या आकड्याला लोक भित्रेपणा म्हणतात. मला त्यात हिशेब दिसतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबर केलेला असतो.

माझी एक भाची आहे, चुलत बहिणीची मुलगी. हे सगळं तिला आधी वाचायला दिलं, तिने बराच भाग काढायला लावला, उरलं ते इथे आहे. तिला कूलर चालत नसे. इंदूरच्या मे महिन्यात, दुपारी रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं तेव्हा, ही कूलर बंद करून घामाने निथळत बसायची, आणि आम्ही सगळे तिला तऱ्हेवाईक म्हणायचो. तिलाही कारण माहीत नव्हतं. कूलरच्या वाळ्याचा तो ओला, गोडसर वास, ज्याने आपल्याला हायसं होतं, त्याने तिचा घसा आवळायचा आणि हात गार पडायचे. सुट्टीतल्या दुपारी मोठी माणसं झोपलेली असताना, कूलरच्या घरघरीत बाहेर काही ऐकू जात नसे अशा एका खोलीत, तिच्या वडिलांच्या चुलत भावाने जे केलं, ते तिच्या डोक्याने बाजूला ठेवलं होतं आणि नाकाने जपून ठेवलं होतं. तिशीत, स्वतःची मुलगी झाल्यावर, ते पुढे आलं.

ती विजय नगरातल्या एका समुपदेशक बाईंकडे जाऊ लागली तेव्हा माझी बहीण मला फोन करून म्हणायची, "एवढे पैसे घेतात आणि त्या बाई विचारतसुद्धा नाहीत काय झालं ते." खरंच विचारत नव्हत्या. झोप किती लागते, जेवण काय होतं, घरात कुणाजवळ बरं वाटतं, एवढंच. धडधड सुरू झाली की खोलीत दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायची, चार गोष्टींना हात लावून बघायचं, पायाखालची फरशी किती गार आहे ते नीट जाणवू द्यायचं. बहिणीला ते सगळं पोरखेळ वाटे. पण त्या बाईंना त्यांचं काम माहीत होतं. आघातानंतर माणसाला एका बैठकीत सगळं ओकायला लावण्याने पुढचा त्रास टळत नाही, हे आता अभ्यासांतून बऱ्यापैकी स्पष्ट झालं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्ये डॉक्टर-नर्सेससाठी काढलेल्या पुस्तिकेतही हेच आहे: ऐका, तिला आत्ता काय हवं ते विचारा, विश्वास ठेवा, ती सुरक्षित आहे ना बघा, सोबत द्या, पण सांग म्हणून मागे लागू नका. भाचीने बऱ्याच महिन्यांनी सांगायला सुरुवात केली, तीही तुकड्यातुकड्याने. एखाद्या आठवड्यात नुसतं त्या खोलीच्या पडद्याचा रंग. कधी काहीच नाही. मधल्या काळात तिची तब्येत बिघडली, चिडचिड वाढली, नवऱ्याशी भांडणं झाली. बरं होणं म्हणजे चढतं काहीतरी असेल अशी आमची समजूत होती. रात्री-अपरात्री फारच झालं तर 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये होता, एकदा तिने तो लावलाही. गेल्या उन्हाळ्यात तिने स्वतः जाऊन एसी आणला. कूलर ती अजून लावत नाही, आणि लावायला हवा असं आता कुणी म्हणत नाही.

महिला दिनाच्या सुमारास हल्ली जागोजागी कार्यक्रम होतात, त्यात "मन मोकळं करा" असं सत्र असतं. माईक फिरतो, कुणीतरी बोलते, टाळ्या पडतात, गुलाबाचं फूल मिळतं, कुणीतरी मोबाइलवर सगळं चित्रित करतं. त्यातून कुणाला बळ मिळत असेल तर मी कोण नाही म्हणणार. पण ती बाई त्या संध्याकाळी ज्या घरी परत जाते, तिथे दार कोण उघडतं याची चौकशी त्या सत्रात होत नाही. मी तिथे जात नाही. माझी मैत्रीण जाते, तिला मी खडूस वाटते.

काकू मला पुढे भेटल्या, भाजीच्या गाडीपाशी. मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होत्या. मी विचारू की नको अशी घुटमळत होते, त्यांनीच विषय काढला. "त्या दिवशी तुमची तोंडं बघण्यासारखी झाली होती." मग म्हणाल्या, "तुला काय वाटलं, मन हलकं करायला सांगितलं? माझं मन ठीक आहे. ती म्हणाली, आमच्या वेळी नव्हतं. ते खोटं होतं, म्हणून सांगितलं." एवढं बोलून भाजीवाल्याशी हिंदीत घासाघीस. पैसे देताना त्यांनी बाकीचं सांगितलं. आईला तेव्हाच सांगितलं होतं. आई काही बोलली नाही. पुढच्या उन्हाळ्यात मामाकडून पत्र आलं तेव्हा मुलीला गोवर आलाय असं खोटंच कळवलं, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी काहीतरी, आणि काकू परत त्या घरी गेल्या नाहीत. "तेवढं केलं तिने. पुष्कळ केलं त्या काळात. पण माझ्या धाकट्या मावसबहिणीला पाठवत राहिले गं. तिला कुणी सांगितलंच नाही. ती गेली आता." मेथी पिशवीत टाकून त्या चालू लागल्या.

"इतक्या वर्षांनी कशाला" याचं उत्तर त्या मावसबहिणीत आहे, असं मला तेव्हापासून वाटतं. दिल्लीच्या एका न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये पत्रकार प्रिया रमाणी यांना मानहानीच्या खटल्यातून निर्दोष सोडताना म्हटलं होतं की बाईला आपली तक्रार दशकांनंतरही, तिला हव्या त्या व्यासपीठावर मांडायचा हक्क आहे. व्यासपीठात हळदीकुंकू धरलं होतं की नाही कोण जाणे. पण आपण ऐकणारे फार पटकन ठरवून टाकतो की समोरची रडायला आली आहे, बरी व्हायला आली आहे, न्याय मागायला आली आहे. काकूंना यातलं काही नको होतं. एक चुकीचं वाक्य त्यांना खोलीत तसंच पडू द्यायचं नव्हतं.

भाचीच्या भावाचं लग्न ठरलं आहे, आणि सध्या आमच्याकडे आमंत्रणाच्या यादीवरून वातावरण तापलेलं आहे. माझ्या बहिणीने त्या माणसाच्या नावावर काट मारली. मेहुण्यांनी ती यादी नव्याने लिहिताना नाव परत घातलं. बहिणीने पुन्हा काट मारली, या वेळी लाल पेनने. मेहुणे मुलीवर विश्वास ठेवतात, तिच्यासाठी रडलेही होते, पण रविवारी सकाळी पोहे-जिलबी बांधून भावाकडे जाणं त्यांनी थांबवलेलं नाही. भाचीला ते माहीत आहे. "तो त्यांचा भाऊ आहे," एवढंच ती म्हणते, आणि मला मेहुण्यांचा इतका राग येतो की तिच्या त्या वाक्याचाही येतो. लोक विचारतील तेव्हा काय सांगायचं, हा मेहुण्यांचा खरा प्रश्न. आमच्या घराण्यात असले प्रश्न आईबापांना न विचारता मावशीला फोन करून विचारायची पद्धत आहे, तेव्हा फोन मलाच येणार. काय सांगायचं आणि कुठवर, ते भाचीने व्हॉट्सॲपवर लिहून पाठवून ठेवलं आहे. चार ओळी आहेत. कूलरचा उल्लेख त्यात नाही. तो फक्त इथे ठेवायला तिने परवानगी दिली.